जुन्या कॉम्प्युटरचा पासवर्ड कुणालाच माहीत नाही? आधी ‘फॉर्मॅट’ला नाही म्हणा



या आठवड्याचा व्हिडिओ आहे दुकानाच्या माळ्यावर पडलेल्या जुन्या कॉम्प्युटरवर. व्हिडिओत हात दिसतात, स्क्रू दिसतात, पण ‘का’ आणि ‘कधी नाही’ हे सांगायला वेळ पुरत नाही. म्हणून हा लेख. शक्य असेल तर डब्याला हात लावण्याआधी वाचा.

प्रसंग बहुतेक घरांत सारखाच असतो. वडील किंवा काका हिशेब बघायचे. २००४-०५ च्या आसपास घेतलेला असेंबल्ड कॉम्प्युटर, त्यात विंडोज एक्सपी, टॅली, एक्सेलमध्ये उधारीचा तक्ता. मग नवीन मशीन आलं, जुनं माळ्यावर गेलं. आता वडील नाहीत, आणि पासवर्ड त्यांच्याबरोबर गेला. एरवी कुणी त्याच्याकडे बघितलंही नसतं, पण अचानक त्यातलं काहीतरी लागतं.

काय लागतं? जीएसटीचे हिशेब वार्षिक विवरणपत्राच्या अंतिम तारखेपासून ७२ महिने ठेवायचे असतात, कंपनी असेल तर वह्या ८ आर्थिक वर्षं. त्या हिशेबानं एक्सपीच्या काळातला डेटा कधीच ‘मुदतबाह्य’ झाला, असं वाटतं. पण गाळा विकायला काढला की सीए विचारतो, १ एप्रिल २००१ नंतर गाळ्यावर बांधकामाचा खर्च काय काय केला? तो खर्च दाखवता आला तर भांडवली नफा कमी होतो. दाखवता नाही आला तर कर भरा. तो पोटमाळा, ते शटर, ती वायरिंग, सगळ्याच्या नोंदी त्या डब्यात. किंवा व्हॅटच्या काळातलं, म्हणजे २००५ ते २०१७ मधलं, एखादं प्रकरण अपिलात अडकलेलं असतं. किंवा भावाभावांत वाटणी असते आणि कुणी किती भांडवल घातलं होतं ते बघायचं असतं. अशा वेळी हा डबा म्हणजे भंगार नसतो, पुरावा असतो.

मग तो डबा आपण उचलून कॉम्प्युटरवाल्याकडे नेतो आणि तो पाच मिनिटांत म्हणतो, “साहेब, फॉर्मॅट मारावा लागेल.”

इथेच थांबायचं. फॉर्मॅट मारल्यावर कॉम्प्युटर चालू होईल, यात शंका नाही. पण आपल्याला कॉम्प्युटर नकोय, त्यातला डेटा हवाय. कारागिराच्या दृष्टीनं गिऱ्हाइकाची तक्रार ‘मशीन चालत नाही’ ही असते, आणि तो तीच सोडवतो. म्हणून दुकानात पाऊल टाकताना पहिलं वाक्य हेच बोला: “मशीन चालू नाही झालं तरी चालेल, डेटा जाता कामा नये.”

कुलूप नेमकं कुठे आहे?

‘पासवर्ड विसरलो’ म्हणजे काहीच सांगितलं नाही असं समजा. एका जुन्या कॉम्प्युटरला तीन-चार वेगवेगळी कुलपं असू शकतात. पासवर्ड कधी विचारतो, यावरून कुलूप ओळखायचं.

बटण दाबल्या दाबल्या, विंडोजचं चित्र यायच्या आधीच काळ्या पडद्यावर पासवर्ड मागितला, तर ते बायोसचं कुलूप. ते मदरबोर्डवर आहे. विंडोजचं चित्र आलं, नावं दिसली आणि मग मागितला, तर ते विंडोजचं कुलूप. विंडोज उघडलं पण टॅलीनं किंवा एक्सेलच्या फाइलनं मागितला, तर ते त्या सॉफ्टवेअरचं. चौथं कुलूप हार्ड डिस्कचं स्वतःचं असतं. ते डेस्कटॉपमध्ये क्वचित, ऑफिसच्या लॅपटॉपमध्ये जास्त.

आता महत्त्वाची गोष्ट. पहिली दोन कुलपं दाराची आहेत, तिजोरीची नाहीत. बायोसचा पासवर्ड मदरबोर्ड अडवतो, डिस्कवरचं एक अक्षरही तो बदलत नाही. विंडोजचा पासवर्ड त्या विंडोजमध्ये शिरायला अडवतो, पण फाइली डिस्कवर उघड्याच पडलेल्या असतात (एक अपवाद आहे, तो पुढे येतोय). म्हणजे हार्ड डिस्क बाहेर काढून दुसऱ्या कॉम्प्युटरला जोडली, तर दहातल्या आठ-नऊ वेळा पासवर्डचा प्रश्नच उरत नाही. कुलूप फोडायच्या नादात लोक दिवस घालवतात, आणि मागची भिंतच नाहीये हे कुणी बघत नाही.

आधी डिस्क बाहेर, मग बाकी सगळं

दहा-पंधरा वर्षं बंद असलेलं मशीन ‘बघू तरी चालू होतंय का’ म्हणून थेट प्लगमध्ये घालू नका. त्या काळातल्या कितीतरी मदरबोर्डवर आणि एसएमपीएसमध्ये कमअस्सल कपॅसिटर बसले होते. बाजूचं पत्र्याचं झाकण काढा आणि टॉर्च मारा. बोर्डावरच्या छोट्या डब्यांची डोकी सपाट असायला हवीत. फुगलेली असतील, किंवा त्यातून तपकिरी काहीतरी गळलेलं असेल, तर ते मशीन चालू करायचं नाही. पावसाळ्यांत धूळ ओली होऊन बसलेली असते, ती आधी ब्लोअरनं उडवून घ्या.

मग डिस्क काढा. चार स्क्रू, एक डेटाची केबल, एक पॉवरची. केबल रुंद, पट्टीसारखी, ४० पिनांची असेल तर डिस्क आयडीई आहे. अरुंद असेल तर साटा. दोन्हीसाठी यूएसबीचे अडॅप्टर मिळतात. घेताना एवढंच बघा की त्याच्याबरोबर वेगळा पॉवर अडॅप्टर आहे, कारण डेस्कटॉपची साडेतीन इंची डिस्क १२ व्होल्ट मागते आणि ते यूएसबीतून मिळत नाहीत. आयडीई डिस्कच्या मागे एक चिमुकला जंपर असतो. तो ‘मास्टर’ किंवा ‘सिंगल’वर हवा, आकृती डिस्कच्या लेबलवरच छापलेली असते. ‘डिस्क दिसत नाही हो’ या तक्रारीचं कारण पुष्कळदा हा जंपरच निघतो.

डिस्क जोडल्यावर तिचा आवाज ऐका. एकसारखी घरघर ठीक आहे. टक... टक... टक... असा ठेका धरला तर लगेच पॉवर काढा आणि पुन्हा प्रयत्न करू नका. तिथून पुढचं काम डेटा रिकव्हरीवाल्याचं. प्रत्येक जास्तीच्या प्रयत्नाला डिस्क आणखी खरवडली जाते.

सगळं नीट असेल तर नवीन विंडोजमध्ये डिस्क दिसेल. विंडोज ९८ ची एफएटी ३२ असो की एक्सपीची एनटीएफएस, दोन्ही आजच्या विंडोजला वाचता येतात. पण कधीकधी इथे एक खिडकी येते: ही डिस्क वापरण्याआधी फॉर्मॅट करावी लागेल, करू का? कॅन्सल. तसंच ‘स्कॅन करून दुरुस्त करू का’ असं विचारलं तरी आत्ता नाही. दुरुस्ती म्हणजे डिस्कवर लिहिणं, आणि आपल्याला या डिस्कवर एक ओळही लिहायची नाहीये.

पहिलं काम, अख्ख्या डिस्कची जशीच्या तशी प्रत काढणं. याला इमेज म्हणा, क्लोन म्हणा. त्या काळात ४० किंवा ८० जीबीची डिस्क म्हणजे मोठी गोष्ट होती, आज ती कोपऱ्यातल्या जुन्या एक्सटर्नल डिस्कवर सहज मावते. डिस्क थोडी आजारी असेल तर लिनक्सवरचं डीडी-रेस्क्यू हे फुकटचं साधन चांगलं. ते आधी चांगला भाग उचलतं आणि खराब भागाकडे नंतर वळतं. प्रत झाली की मूळ डिस्क कागदात गुंडाळून कपाटात ठेवा, वर तारीख घाला. पुढचे सगळे प्रयोग प्रतीवर.

काय काय उचलायचं

एक्सपीमध्ये माणसाच्या फाइली ‘डॉक्युमेंट्स अँड सेटिंग्ज’ या फोल्डरमध्ये, त्याच्या नावाखाली असतात. उघडताना ‘परवानगी नाही’ असं आलं तर घाबरू नका. ‘कंटिन्यू’ दाबा, नाहीतर फोल्डरची मालकी स्वतःकडे घ्या. टॅलीचा डेटा मात्र तिथे नसतो. तो टॅलीच्याच फोल्डरमधल्या ‘डेटा’ नावाच्या फोल्डरमध्ये, नुसते आकडे नाव असलेल्या फोल्डरांत असतो. आकड्यांचा अर्थ लावत बसू नका, सगळेच्या सगळे उचला. दुकानदार नेमका इथे चुकतो, कारण त्याला वाटतं कंपनीच्या नावाची फाइल असेल. टॅली ७.२ सारखा जुना डेटा आजच्या टॅलीत थेट उघडत नाही, तो आधी रूपांतरित करावा लागतो. टॅलीच्या अधिकृत पार्टनरला विचारा, हे काम त्यांच्या ओळखीचं आहे.

आणि आपल्याकडची एक खास गोष्ट, जी इंग्रजी व्हिडिओंत कुणी सांगणार नाही. फॉन्ट! त्या काळात मराठी पत्रं, कोटेशनं, लग्नपत्रिका, संस्थेची इतिवृत्तं श्रीलिपी, आकृती, सी-डॅकचं आयएसएम यांत टाइप व्हायची. ती युनिकोड नव्हती. फाइल नवीन कॉम्प्युटरवर उघडली की मराठीच्या जागी इंग्रजी अक्षरांची आणि चिन्हांची खिचडी दिसते. लोकांना वाटतं फाइल करप्ट झाली, आणि ते ती डिलीट करतात! फाइल धडधाकट असते, फक्त फॉन्ट नसतो. म्हणून विंडोजच्या फोल्डरमधला ‘फॉन्ट्स’ हा फोल्डरही उचला. तो फॉन्ट लावला की मजकूर जिवंत होतो, नंतर कन्व्हर्टरनं युनिकोडमध्ये आणता येतो. प्रिंटिंग प्रेसवाल्यांनी ही ओळ दोनदा वाचावी.

पण मला त्याच मशीनमध्ये शिरायचंय

कधीकधी नुसत्या फाइली पुरत नाहीत. एखाद्या स्थानिक प्रोग्रामरनं फॉक्सप्रोमध्ये बिलिंग लिहून दिलेलं असतं आणि ते त्या मशीनवरच चालतं. मग कुलूप उघडावंच लागतं. डिस्कची प्रत काढून झालीये ना? मग पुढे चला.

बायोसचं कुलूप डेस्कटॉपमध्ये सोपं. पासवर्ड आणि बाकीची सेटिंग्ज सीमॉस नावाच्या छोट्याशा मेमरीत असतात, आणि तिला बंद मशीनमध्ये जिवंत ठेवतो मदरबोर्डवरचा बटणासारखा सेल, सीआर २०३२, ३ व्होल्टचा. पॉवरची वायर भिंतीतून काढा, सेल काढा, पॉवरचं बटण काही सेकंद दाबून धरा म्हणजे उरलासुरला करंट निघून जाईल, आणि थोडा वेळ थांबा. बहुतेक बोर्डांवर सेलजवळ तीन पिनांचा ‘क्लिअर सीमॉस’ जंपरही असतो. तो पहिल्या दोन पिनांवरून दुसऱ्या दोनवर सरकवा, काही सेकंदांनी परत जागेवर आणा. जंपर चुकीच्या जागी असताना मशीन चालू करू नका. नवीन सेल घाला, जुना तसाही संपलेला असणार.

चालू झाल्यावर तारीख तपासा. सीमॉस पुसलं की घड्याळ जुन्या तारखेला जातं, आणि कुणी त्या टॅलीत नोंद केली तर तारखांचा गोंधळ. साटा डिस्कवाल्या मशीनवर सीमॉस पुसल्यानंतर एक्सपी निळा पडदा दाखवत असेल, तर बायोसमध्ये डिस्कचा मोड बदललाय का बघा. तो परत आयडीईवर आणला की बहुतेक वेळा सुरळीत होतं.

त्याहून जुन्या मशीनची, म्हणजे ३८६, ४८६ वगैरे, गोष्ट निराळी. काहींत सेल बोर्डाला सोल्डर केलेला, छोट्या पिंपासारखा असतो, आणि वर्षानुवर्षं गळून त्यानं आजूबाजूच्या तांब्याच्या रेषा खाल्लेल्या असतात. काहींत सेल दिसतच नाही. तो डॅलस कंपनीच्या काळ्या ठोकळ्यासारख्या चिपच्या पोटात असतो. शिवाय या मशीनमध्ये सीमॉस पुसलं की पासवर्डबरोबर डिस्कची मापंही पुसली जातात: सिलिंडर किती, हेड किती, सेक्टर किती. मग पासवर्ड गेला, पण डिस्कही ‘हरवली’! मापं डिस्कच्या लेबलवर असतात, आधी फोटो काढून ठेवा. आणि डब्यावर समोर गोल किल्लीचं कुलूप असेल आणि कीबोर्ड दाद देत नसेल, तर पासवर्ड शोधू नका. ते कुलूप कीबोर्ड बंद करणारं आहे. आतून बोर्डाकडे जाणारी त्याची बारीक वायर उपसली की झालं.

लॅपटॉपमध्ये मात्र सेल काढायची युक्ती सगळीकडे चालत नाही. आयबीएम थिंकपॅडचा सुपरवायझर पासवर्ड वेगळ्या चिपमध्ये असतो, तिला सेल लागत नाही. अधिकृत उत्तर काय, तर मदरबोर्ड बदला. पण डेटाच हवा असेल तर तिथेही डिस्क काढून जोडता येते. अडतं ते फक्त डिस्कला स्वतःचा पासवर्ड असेल तेव्हा. तो डिस्कबरोबर प्रवास करतो, कुठेही जोडा, ती उघडणार नाही. हे काम घरी करायचं नाही.

विंडोजचं दार

विंडोज ९५ आणि ९८ बद्दल काय सांगू! पासवर्डची खिडकी आली की एस्केप दाबा, आत जाता. तो पासवर्ड नेटवर्कसाठी आणि प्रत्येकाच्या आवडीच्या सेटिंगसाठी होता, कुलूप म्हणून नव्हताच. कितीतरी ऑफिसांनी वर्षानुवर्षं तो मनोभावे टाइप केला.

एक्सपीत जरा जास्त बंदोबस्त आहे. चालू करताना एफ ८ दाबत राहा, ‘सेफ मोड’ निवडा. तिथे ‘अॅडमिनिस्ट्रेटर’ नावाचं खातं दिसेल, जे एरवी लपलेलं असतं. असेंबल करणाऱ्यानं त्याला पासवर्ड दिलेलाच नसतो, असं पुष्कळदा आढळतं. रिकामं सोडून एंटर दाबा.

नाही जमलं, तर दोन वाटा आहेत आणि त्यांतला फरक समजून घ्या. एक, पासवर्ड शोधून काढणं. एक्सपी पासवर्डची एक जुन्या पद्धतीची खूण साठवतं. ती पद्धत सगळी अक्षरं कॅपिटल करते आणि पासवर्डचे ७-७ अक्षरांचे दोन तुकडे करून वेगवेगळे ठेवते. इंग्रजीत ‘गणपती’ लिहिलं की नेमकी ७ अक्षरं होतात. पुढे २००५ जोडलं, तरी फोडणाऱ्याला एक ७ अक्षरांचं आणि एक ४ आकड्यांचं असं सोपं गणित मिळतं. ऑफक्रॅक नावाचं फुकट साधन तयार तक्त्यांवरून असे पासवर्ड थोड्या वेळात ओळखतं. दुसरी वाट, पासवर्ड पुसून टाकणं. त्यासाठी सीडीवरून चालणारी छोटी साधनं आहेत, काम दोन मिनिटांचं.

कारागीर दुसरी वाट घेतो, कारण लवकर होते. पण मघाशी म्हटलेला अपवाद इथे येतो. एक्सपी प्रोफेशनलमध्ये फाइल एन्क्रिप्ट करण्याची सोय होती. अशा फाइलींची नावं हिरव्या रंगात दिसतात. त्यांची किल्ली मूळ पासवर्डला बांधलेली असते. पासवर्ड बाहेरून पुसला की विंडोज उघडतं, आणि हिरव्या फाइली बंदच राहतात. या फाइली दुसऱ्या कॉम्प्युटरवर कॉपी करूनही उघडत नाहीत. म्हणून हिरवं नाव दिसलं की पुसायचं नाही, शोधायचं. आणि प्रत असेल तर चुकून पुसलं तरी मूळ डिस्कवर सगळं शाबूत आहे.

आतली कुलपं

एक्सेलमध्ये शीट लॉक केलेलं असेल तर ते कुलूप नाहीच, नुसती कडी आहे. फाइल उघडतानाच पासवर्ड मागत असेल तर एक्सेल ९७ ते २००३ ची नेहमीची पद्धत ४० बिटांची होती. म्हणजे साधारण १.१ लाख कोटी शक्यता. आकडा मोठा वाटतो, पण आजच्या मशीनला तो झेपतो, आणि पासवर्ड कितीही अवघड असला तरी फरक पडत नाही. टॅली व्हॉल्ट मात्र खरी तिजोरी आहे. त्यानं डेटाच एन्क्रिप्ट होतो आणि पासवर्ड विसरला तर परत मिळवायची सोय टॅलीकडेही नाही. तिथे पैसे घालवण्याआधी घर शोधा: वडिलांची डायरी, चेकबुकचं मागचं पान, गाडीचा नंबर, जुना लँडलाइन नंबर. आणि व्हॉल्ट लावायच्या आधीचा एखादा बॅकअप सीडीवर पडलाय का, तेही.

डबा कुणाचा आहे?

हे कंटाळवाणं वाटेल, पण वाचा. दुकान तुमचं एकट्याचं, कॉम्प्युटर तुमचा, तर प्रश्न नाही. पण भागीदारी असेल, वाटणीचा वाद असेल, किंवा सोडून गेलेल्या नोकराचा स्वतःचा लॅपटॉप असेल, तर थांबा. मालकाच्या परवानगीशिवाय कॉम्प्युटरमध्ये शिरणं किंवा डेटा उचलणं माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० च्या कलम ४३ आणि ६६ मध्ये बसतं. आणि प्रकरण कोर्टात जाणार असेल तर मशीन चालूसुद्धा करू नका. नुसतं चालू केल्यानं शेकडो फाइलींच्या तारखा बदलतात आणि समोरचा वकील नेमकं तेच धरतो. भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे अशा पुराव्याबरोबर प्रमाणपत्र द्यावं लागतं. वकिलाला आधी फोन करा, डिस्क नंतर काढा.

कारागिराकडे देणार असाल तर त्याच्यासमोर डिस्कच्या लेबलचा फोटो काढा, सिरियल नंबरसकट. पावतीवर ‘फॉर्मॅट करू नये, डेटा हवा’ असं लिहून घ्या. आणि डबा रिकामा झाला म्हणून लगेच भंगारवाल्याला देऊ नका. मागच्या प्रिंटर पोर्टमध्ये काडेपेटीएवढी एखादी डबी खोचलेली आहे का बघा. तो डोंगल. श्रीलिपीचा असेल, बिलिंगचा असेल. तो गेला तर सॉफ्टवेअरची प्रत असूनही ते उघडणार नाही.